समोर कोण बसलंय? बडोद्यातल्या मराठी सभेसाठी भाषणाची तयारी

श्रावण निम्म्यावर आला की बडोद्यातल्या मराठी घरांत फोन सुरू होतात. "यंदा गणपतीत दहा-बारा मिनिटं बोलशील का? विषय तुझा तूच ठरव." आमंत्रण इतकं ढगळ असतं, आणि हो म्हणणारा माणूस लगेच विषयाच्या मागे लागतो. नेटवर शोधतो, कपाटातली जुनी पुस्तकं काढतो, चार सुविचार उतरवून ठेवतो. माझ्या मते इथेच क्रम उलटा पडतो. विषय नंतर बघता येईल. समोर कोण बसणार, ते कशासाठी आलेले असणार आणि या विषयातलं काय काय त्यांनी आधीच ऐकलंय, याची चौकशी आधी झाली पाहिजे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या सभांत वक्त्याला कोणी विरोध करत नाही. लोक मनातल्या मनात "हे ऐकलंय" म्हणतात आणि मोबाइल काढतात.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाते. समजा, मांजलपूरमधल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तुम्हाला बारा मिनिटं बोलायचंय आणि तुमच्या डोक्यात बडोदा संस्थानाचे राजे सयाजीराव महाराज यांनी आणलेलं सक्तीचं शिक्षण हा विषय आहे. विषय चांगला आहे, पण बडोद्यात तो धोक्याचाही आहे, कारण इथे प्रत्येकाला महाराजांबद्दल काहीतरी माहीत असतंच.

आधी फोन, मग कागद

आयोजकांना फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तर "सगळे असतील, या तुम्ही" एवढंच उत्तर येईल. बोलण्यात लावलंत तर खरी माहिती निघते. किती लोक येतात, हे विचारून भागत नाही. आरतीच्या आधी बोलायचंय की नंतर? आरतीनंतर असेल तर प्रसादाच्या रांगेशी तुमची स्पर्धा आहे. तुमच्या आधी काय आहे? लहान मुलांची नाच-गाणी असतील तर ती संपताच त्यांचे आईवडील पोशाख बदलायला उठणार, म्हणजे पहिली दोन मिनिटं हालचालीत जाणार. तुमच्यानंतर बक्षीस समारंभ असेल तर ती आनंदाची बातमी समजा, कारण बक्षिसासाठी थांबलेले लोक जागचे हलत नाहीत.

मग विचारा: गेल्या दोन-तीन वर्षांत कोण बोललं, कशावर बोललं? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मागच्याच वर्षी कोणी महाराजांवर बोलून गेलं असेल तर विषय सोडायलाच हवा असं नाही, पण त्यांनी कुठली बाजू मांडली हे कळलं पाहिजे. खुर्च्या आहेत की भारतीय बैठक, माईक हातात धरायचा की स्टँडवर, पोडियम आहे का, व्यासपीठावर कोण कोण बसणार, त्यांची नावं आणि पदं नेमकी काय, हे सगळं त्याच फोनवर लिहून घ्या. नावं तर अक्षर-अक्षर विचारून घ्या. बारा मिनिटं उत्तम बोललात आणि अध्यक्षांचं आडनाव चुकवलंत, तर रात्री जेवताना चर्चा आडनावाचीच होते.

समोरच्यांची फोड कशी करायची

अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वाचा विचार करताना तरुण, म्हातारे आणि मधल्या वयाचे यांचे स्वभाव वेगवेगळे सांगितले आहेत. वक्त्याने ते ओळखून बोलावं, हा त्यामागचा हेतू. अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी ही फोड आजही उपयोगी पडते, पण आपल्या मंडळात ती अपुरी आहे. दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेले सत्तरीचे काका आणि पुण्याहून मुलाकडे राहायला आलेले सत्तरीचे काका एकाच रांगेत बसतात. वय तेच असलं तरी एकाला सुरसागरच्या काठावरचं सगळं पाठ असतं आणि दुसऱ्याला न्यायमंदिर कुठे आहे हेही ठाऊक नसतं.

म्हणून वयापेक्षा तीन प्रश्नांनी फोड करा.

पहिला, कशासाठी आलेत? काही स्वतःहून येतात, काहींना आणलेलं असतं आणि काही अडकलेले असतात. मुलं आणि दूरचे पाहुणे आणलेले. कार्यकर्ते अडकलेले, त्यांचं अर्धं लक्ष जनरेटर आणि मोदकांच्या संख्येकडे. स्वतःहून आलेल्यांसाठी वेगळी मेहनत लागत नाही. तयारी करायची ती आणलेल्यांसाठी.

दुसरा, काय माहीत आहे? आपल्या उदाहरणात कागदावर दोन याद्या करा. जुन्या बडोदेकरांना ठाऊक असलेलं: कवळाण्याचा गोपाळराव (महाराजांचं दत्तक जाण्याआधीचं नाव), महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये घेतलेलं दत्तक, "कशासाठी आलास?" या प्रश्नाला त्या मुलाने दिलेल्या उत्तराची गोष्ट, लक्ष्मी विलास पॅलेस, बाबासाहेब आंबेडकरांना मिळालेली शिष्यवृत्ती. हे सगळं त्यांनी शाळेपासून ऐकलंय. त्यांना बहुधा नसलेलं: सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात बडोदा शहरात झाली नाही. 1893 मध्ये ती काठियावाडातल्या, म्हणजे आजच्या सौराष्ट्रातल्या, अमरेली भागात करून पाहिली गेली आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू झाली. ही दुसरी यादी म्हणजे तुमचं भाषण. पहिल्या यादीतलं फार तर एक वाक्य घ्या, तेही ओळखीची खूण म्हणून.

तिसरा, भाषा किती झेपते? मांजलपूर असो, गोत्री असो की कारेलीबाग, आज बडोद्यातल्या मराठी मंडळात गुजराती सुना आणि जावई असतातच. मराठी त्यांना कळतं, पण संस्कृत शब्दांची रांग लागली की त्यांचा धागा सुटतो. इंग्रजी शाळेतली मुलं घरातलं मराठी बोलतात, पण "अनिवार्य प्राथमिक शिक्षणाचे दूरगामी परिणाम" ऐकलं की त्यांचे डोळे मंडपाच्या झालरीकडे जातात.

एक गोष्ट मात्र जपा. फोड केली म्हणून प्रत्येक गटाला एकेक तुकडा वाटू नका. "आता लहान मुलांसाठी एक गोष्ट" म्हटलं की मोठे सैल होतात आणि "तरुणांना मला सांगायचंय" म्हटलं की तरुण उठतात. सगळ्यांना धरून ठेवील असा एक धागा शोधायचा. आपल्या उदाहरणात तो अमरेली आहे. जुन्यांना ही गोष्ट नवी वाटते, सौराष्ट्रातून आलेल्या सुनेला माहेरकडची वाटते आणि कंपनीत नोकरी करणाऱ्यांना ती लगेच पटते, कारण कुठलीही नवी पद्धत आधी एका विभागात चालवून बघायची हे ते रोज करतात.

एक वाक्य

आता पेन हातात घ्या आणि एकच वाक्य लिहा. घरी जाताना रिक्षात कोणी विचारलं, "काय बोलल्या बाई?", तर श्रोत्याने काय सांगावं असं तुम्हाला वाटतं? तेच ते वाक्य. "सयाजीराव महाराजांचे शैक्षणिक कार्य" हे शीर्षक झालं, त्याला वाक्य म्हणत नाहीत. "महाराजांनी शाळेची सक्ती आधी लांबच्या अमरेलीत करून पाहिली आणि तेरा वर्षांनी सगळीकडे आणली" हे वाक्य आहे. त्यात कोणी, काय, कुठे आणि किती काळाने हे सगळं आलं. आता पुढचा प्रत्येक उतारा या वाक्याला लागू पडतो का ते बघायचं, पडत नसेल तर काढायचा. महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या, ही माहिती इतकी गोड आहे की घालावीशी वाटतेच. या भाषणातून ती काढा. वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

माहिती पारखून घ्या

बडोद्याच्या कानांना भाषणांची सवय आहे. मराठी साहित्य संमेलनं इथे 1909, 1921, 1934 आणि मग 2018 मध्ये भरली. आजोबांनी ऐकलेल्या भाषणांच्या आठवणी नातवंडांपर्यंत पोचलेल्या घरांत तुम्ही बोलणार आहात. तिसऱ्या रांगेतले एक काका सनावळीची चूक पकडायलाच आलेले असतात, असं धरून चाला.

नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. दत्तक 1875 मधलं, पण राज्याचे पूर्ण अधिकार महाराजांना 28 डिसेंबर 1881 ला मिळाले. मधल्या काळात कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. त्यामुळे "1875 पासून महाराजांनी सुधारणा केल्या" हे वाक्य ऐकायला बरं वाटलं तरी चुकीचं आहे. "सयाजीराव" एवढंच म्हणून थांबू नका, गायकवाड घराण्यात या नावाचे आधी दोघे होऊन गेलेत. एकदा "सयाजीराव तिसरे" म्हणा, मग नुसतं "महाराज" चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी महाराजांची "वचनं" घेऊ नका. मूळ कुठे छापलंय हे सांगता येत नसेल तर ते अवतरण भाषणात नको.

आकडे किती घ्यायचे? मी तीनच्या वर जात नाही. इथे 1893, 1906 आणि 2010 पुरेत. 1906 च्या कायद्यात मुलांसाठी 7 ते 12 आणि मुलींसाठी 7 ते 10 अशी वयं होती, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होता. साऱ्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो 1 एप्रिल 2010 पासून. मधलं शंभराहून जास्त वर्षांचं अंतर श्रोत्यांनाच मोजू द्या, तुम्ही फक्त दोन्ही सनं शेजारी ठेवा. 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मांडलेलं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं, हा दुवा सुरेख आहे. अभ्यासू श्रोते असतील तर तो घ्या. आरतीची वाट पाहणाऱ्या मंडपात मी तो गाळीन.

रचना: कीर्तनकाराचं ऐका

भाषणाचा साचा बाहेरून आणायची गरज मला कधी पडली नाही. नारदीय कीर्तनात नमन होतं, मूळ पद घेतात, पूर्वरंगात त्याचं निरूपण होतं, मध्ये भजन, आणि उत्तररंगात आख्यान येतं. पूर्वरंगात जो विचार सांगितला तोच आख्यानात माणसांच्या रूपाने उभा राहतो. विचार आणि गोष्ट एकमेकांना चिकटलेली असली पाहिजेत, ही त्यातली खरी शिकवण. आपल्याकडे बरेच वक्ते एक विचार सांगतात आणि दुसरीच कुठली तरी गोष्ट जोडतात, कारण ती गोष्ट त्यांना पाठ असते.

फरक एवढाच की कीर्तनाला लोक दीड-दोन तास बसायच्या तयारीने येतात. बारा मिनिटांत पूर्वरंग लांबला तर आख्यानाची वेळच येत नाही. म्हणून मी आख्यान पुढे घेते. सुरुवातीलाच श्रोत्यांना अमरेलीत नेऊन उभं करा: शेतीच्या दिवसांत मुलगा घरी हवा असलेला बाप, शाळेत न पाठवलं तर दंड सांगणारा कायदा. त्या बापाचं नाव किंवा संवाद मात्र रचू नका. "एखाद्या बापाला काय वाटलं असेल" असं उघडपणे कल्पनेने सांगा, ते लोकांना चालतं. मग दोन-तीन मिनिटांचं निरूपण: राजधानीपासून लांब, लहान भागात आधी का करून पाहायचं? इथे तुमचा स्वतःचा विचार येतो आणि इथेच भाषण तुमचं होतं. मग 1906, मग 2010, आणि थांबा.

सुरुवातीच्या नमनाचं काय? व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घेण्यात दीड मिनिट जातं. सूत्रसंचालकाने ती नावं नुकतीच घेतलेली असतात. अध्यक्ष आणि यजमान मंडळ एवढ्यांचा उल्लेख करून सगळ्यांना एकत्र नमस्कार करा. ज्येष्ठांना राग येईल अशी भीती असेल तर कार्यक्रमाआधी खाली जाऊन त्यांना वाकून नमस्कार करा. माईकवरच्या "आदरणीय"पेक्षा तो त्यांना जास्त पोचतो.

शेवटचं वाक्य आधी लिहून ठेवा. ते तयार नसलं की वक्ता "शेवटी एवढंच सांगतो" म्हणून तीन वेळा शेवट करतो.

कानासाठी लिहायचं

पहिला खर्डा लिहून झाला की मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. "करण्यात आले", "देण्यात आले" हे सगळं काढा आणि कोणी केलं ते लिहा. सनं तोंडी सांगताना "अठराशे त्र्याण्णव" म्हणा आणि लगेच ओघात "एटीन नाइंटी थ्री" म्हणून टाका. शुद्धतेचा आग्रह असलेल्यांना ते आवडणार नाही, पण मागच्या रांगेतल्या मुलांना सन कळेल.

गुजराती एखादं वाक्य घ्यावं का? जरूर घ्या, पण तोंडात बसलेलं असेल तरच. "तमे बधां आव्यां, घणो आनंद थयो" एवढं साधं वाक्य मध्येच आलं की पाहुण्या सुनांचे चेहरे उजळतात. विनोदासाठी गुजराती वापरू नका, तो त्यांच्यावर केलेला विनोद वाटतो. आणि स्वतःचं बडोद्याचं मराठी लपवू नका. आपल्या बोलण्याला गुजरातीचा हेल आहे, तो असू दे. पुण्याचं मराठी उसनं आणलेला बडोदेकर दोन मिनिटांत ओळखू येतो.

कागद, घड्याळ, सराव

स्टेजवर मराठीत मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द आरामात बोलले जातात. तुमचा वेग वेगळा असेल, मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा. बारा मिनिटं म्हणजे कागदावर तेराशे शब्द होतात, पण तेवढे लिहू नका. टाळ्या, थांबे, माईकची खरखर आणि नमन धरून हजार शब्दांत भाषण बसवा.

पूर्ण पाठ करणाऱ्यांची एक अडचण असते. मधला एक शब्द सुटला की सगळी साखळी सुटते आणि नजर मंडपाच्या छताकडे जाते. पूर्ण वाचून दाखवणाऱ्यांची नजर कागदातून वर येतच नाही. मधला मार्ग असा: पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन तोंडपाठ, मधलं सगळं जाड कार्डावर मोठ्या अक्षरात फक्त मुद्द्यांनी. कार्डांना आकडे घाला, वाऱ्याने उडाली तर क्रम सापडेल.

सराव उभं राहून आणि मोठ्याने. बसून मनातल्या मनात केलेला सराव वेळेच्या बाबतीत नेहमी फसवतो, कारण मनात आपण भरभर बोलतो. घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याला विषयात रस नाही. "कसं झालं?" विचारू नका, "छान" म्हणतील. "काय लक्षात राहिलं?" विचारा. उत्तरात अमरेली आली नाही तर दोष रचनेत आहे, आवाजात नाही.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. कार्यक्रम लांबतो, आणि तुम्ही उठायच्या आत कोणीतरी कानाशी येऊन सांगतं, "ताई, पाच मिनिटांत आवरा." हे होणारच असं धरून तीन मापांचं भाषण घरीच तयार ठेवा: बारा मिनिटांचं, सात मिनिटांचं, तीन मिनिटांचं. वेगळं लिहायची गरज नाही. कार्डावर लाल पेनने खूण करा: सात मिनिटांत निरूपण अर्धं होतं, तीन मिनिटांत फक्त अमरेली आणि दोन सनं उरतात. बारा मिनिटांचा मजकूर पाच मिनिटांत दुप्पट वेगाने म्हणणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे, आणि दर गणपतीत तो दिसतो.

त्या संध्याकाळी

अर्धा तास आधी पोचा. माईक किती जवळ धरल्यावर आवाज फुटत नाही ते बघा. हातातला माईक हनुवटीशी, तोंडापासून तीन-चार बोटांवर धरला की बहुतेक वेळा चालतं. मंडपाच्या अगदी मागे उभं राहून आधीच्या वक्त्याचं ऐका. तिथे शब्द घुमत असतील तर तुम्हाला वेग कमी करावाच लागेल. आणि हा अर्धा तास खुर्चीत बसून कार्डं चाळण्यात घालवू नका. लोकांशी बोला. एखादे काका म्हणाले, "माझी आजी अमरेलीची," तर त्यांची परवानगी घेऊन भाषणात तेवढंच सांगा. घरी बसून केलेली कुठलीही पाहणी याच्या तोडीची नसते.

बोलताना चेहरे वाचा, पण पहिल्या रांगेवर विसंबू नका. ती सभ्य असते, कंटाळली तरी मान हलवते. डावी-उजवीकडची चौथी-पाचवी रांग खरं सांगते. तिथे कुजबुज वाढली तर आवाज चढवू नका, उलट दोन क्षण थांबा. शांततेने माना वर येतात. बाहेरून ढोल-ताशे गेले तर तेही जाऊ द्या, त्यांच्याशी झुंजू नका. हसून थांबलात की लोक तुमच्या बाजूने होतात.

बाकीच्या प्रसंगांत प्रश्न हेच, उत्तरं वेगळी. निवृत्तीच्या सत्कारात श्रोते त्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात, तिथे विशेषणं नकोत, त्याने केलेलं एक काम सांगा. शोकसभेत तीन मिनिटांच्या वर बोलू नये, आणि स्वतःबद्दल तर नाहीच. शाळेच्या वार्षिक समारंभात भाषण पालकांसाठी असतं, कारण मुलांचं लक्ष पडद्यामागच्या मित्रांकडे असतं.

घरी आल्यावर एका वहीत लिहून ठेवा: तारीख, मंडळ, कोणती गोष्ट सांगितली, कुठे हसले, कुठे उठले, वेळ किती मिळाला. दोन-तीन वर्षांनी तेच मंडळ पुन्हा बोलावतं. पुस्तकांच्या पेट्यांची माहिती तेव्हा उपयोगी पडेल, आणि अमरेली तिथे सांगून झालीय हे तुम्हाला वही उघडताच कळेल.